रविवारी संध्याकाळी साडेसहा: मोटार शर्यती पाहायला शिकणाऱ्या पुणेकरासाठी

आकुर्डी, पिंपरी आणि चाकण या पट्ट्यात गाड्या तयार होतात, १९६६ साली स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था वेताळ टेकडीवर गाड्यांच्या चाचण्या घेते, आणि सदाशिव पेठेतल्या निवृत्त माणसालाही आपल्या स्कूटरच्या ॲव्हरेजबद्दल ठाम मत असते. तरीही मोटार शर्यत पाहणाऱ्या माणसाकडे या शहरात अजून थोड्या कुतूहलानेच पाहिले जाते. ‘गाड्या गोल गोल फिरतात, त्यात दोन तास बघायचे काय?’ हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या बैठकीत आणि एकदा दंतवैद्याच्या खुर्चीत, तोंड उघडे असताना, विचारला गेला आहे.

प्रश्न रास्त आहे, कारण नवख्या माणसाला आपण शर्यतीशी ओळख करून देतो तीच मुळात चुकीच्या टोकाकडून. त्याला इंजिनाची अश्वशक्ती सांगितली जाते, १९५० साली सिल्व्हरस्टोनला सुरू झालेल्या जागतिक अजिंक्यपदाचा इतिहास सांगितला जातो, आणि तो बिचारा तिसऱ्या वाक्याला जांभई देतो. माझा अनुभव असा आहे की पडद्यावर आपल्याला आधीपासून काय आवडते हे नीट ओळखले, तर शर्यतीत शिरण्याची वाट आपोआप सापडते. इंजिनाचे ज्ञान मागाहून, गरज पडेल तसे येते. पुढील पायऱ्या त्या क्रमाने लिहिल्या आहेत.

पहिली पायरी: आपली आवड तपासा आणि शर्यतीचा प्रकार निवडा

मोटार शर्यत ही एक गोष्ट नाही. फॉर्म्युला वनची शर्यत साधारण दीड ते दोन तास चालते आणि तिचे अंतर ३०५ किलोमीटरच्या किंचित पुढे जाईल इतक्या फेऱ्यांचे असते, अपवाद फक्त अरुंद रस्त्यांच्या मोनॅकोचा, जिथे ते २६० किलोमीटरच्या आसपास ठेवलेले आहे. मोटोजीपी ही दुचाक्यांची शर्यत पाऊण तासाच्या आत आटोपते. फ्रान्समधली ल मान्सची शर्यत मात्र पूर्ण २४ तास चालते, एका गाडीला तीन चालक आळीपाळीने चालवतात, आणि भारतीय वेळेनुसार शनिवारी संध्याकाळी साडेसातला सुरू होऊन रविवारी संध्याकाळी साडेसातला ती संपते.

ज्यांना भरत नाट्य मंदिरात पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिका पाहण्याची सवय आहे, म्हणजे पडदा वर गेल्यापासून खाली येईपर्यंत श्वास रोखून बसणे ज्यांना आवडते, त्यांनी मोटोजीपीपासून सुरुवात करावी. तिथे पहिल्या वळणावरच चार जण एकमेकांच्या कोपराला कोपर लावून आत शिरतात आणि ती चुरस पुष्कळदा शेवटच्या फेरीपर्यंत टिकते. सवाई गंधर्व महोत्सवाला सतरंजी आणि थर्मास घेऊन जाणाऱ्या, मधल्या गायनात डुलकी काढून नेमक्या मोठ्या ख्यालाला जागे होणाऱ्या मंडळींसाठी ल मान्स आहे. ती सलग पाहायची नसते. तिच्या सोबतीने एक अख्खा दिवस काढायचा असतो, जेवायचे, झोपायचे, आणि पहाटे उठून कोण उरले आहे ते पाहायचे. फॉर्म्युला वन हे तीन अंकी नाटक आहे. त्यात मधल्या अंकात काहीच घडत नाही असे वाटते आणि खरे कथानक नेमके तिथेच पुढे सरकत असते, त्यामुळे ती पाहायला सर्वांत अवघड आणि एकदा जमली की सोडायला त्याहून अवघड आहे. या लेखाचा उरलेला भाग प्रामुख्याने तिच्याविषयी आहे.

माझी आत्या ७० वर्षांची आहे, तिने आयुष्यात सायकलीखेरीज काही चालवलेले नाही, आणि आमच्या घरात फॉर्म्युला वन सर्वांत लवकर तिलाच समजले. प्रत्येक संघाच्या दोन गाड्या असतात, दोघा चालकांना जवळजवळ सारखीच गाडी मिळते, संघासाठी दोघांनी मिळून गुण कमवायचे असतात, पण तुलना मात्र पहिल्यांदा त्या दोघांचीच होते, इतके तिला सांगितल्यावर ती म्हणाली, ‘म्हणजे जावाजावा.’ दहा वर्षे शर्यती पाहणाऱ्या माणसाला याहून नेमकी व्याख्या सुचली नसती. कौटुंबिक मालिका आवडणाऱ्यांनी हा खेळ आपल्यासाठी नाही असे समजण्याचे काहीही कारण नाही.

दुसरी पायरी: आधी चित्रपट आणि मालिका पाहा, पण त्यातला मीठमसाला ओळखून

थेट शर्यतीला बसण्याआधी दोन-तीन गोष्टी पडद्यावर पाहून घ्याव्यात, कारण चेहरे ओळखीचे झाले की हेल्मेटमागचा माणूस आपल्याला दिसू लागतो. इथे माझी वैयक्तिक पसंती स्पष्टच सांगतो. मला कार्यपद्धती दाखवणारे चित्रण आवडते, म्हणजे माणसे आपले काम कसे करतात, कोणता निर्णय कशावरून घेतात, हे दिसले पाहिजे. पार्श्वसंगीत वाढवून ‘आता भावुक व्हा’ असे बजावणारे चित्रण मला सोसत नाही. ज्यांची आवड उलट असेल त्यांनी माझ्या शेऱ्यांचा अर्थ त्याप्रमाणे उलटा लावावा.

आयर्टन सेना या ब्राझिलियन चालकावरचा २०१० सालचा आसिफ कपाडिया यांचा ‘सेना’ हा माहितीपट पहिल्यांदा पाहावा असे मी सुचवतो. त्यात मुलाखत देणारी माणसे खुर्चीत बसलेली दिसत नाहीत, सर्व काही त्या काळच्या चित्रणातूनच उभे राहते, आणि १ मे १९९४ रोजी इमोला येथील अपघातात झालेल्या त्याच्या मृत्यूकडे आपण त्या काळातल्या प्रेक्षकासारखेच सरकत जातो. मात्र हा माहितीपट सेनाच्या बाजूने उभा आहे आणि त्याचा प्रतिस्पर्धी अलाँ प्रोस्ट याच्या वाट्याला खलनायकाची सावली आली आहे, हे लक्षात ठेवून पाहावे. प्रोस्टने चार जागतिक अजिंक्यपदे मिळवली आहेत आणि सेनाने तीन.

१९७६ च्या मोसमावरचा ‘रश’ हा २०१३ चा चित्रपट कथापटांत मला सर्वांत जवळचा वाटतो. निकी लाउडा हा चालक जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंग मार्गावर भाजून मरणाच्या दारात गेला आणि अवघ्या सहा आठवड्यांनी मोंझा येथे पुन्हा गाडीत बसून चौथा आला, ही गोष्ट पटकथाकाराने रचली असती तर आपण ती अतिशयोक्ती म्हणून सोडून दिली असती. ती शब्दशः खरी आहे, आणि त्याचा प्रतिस्पर्धी जेम्स हंट याने ते अजिंक्यपद एका गुणाने जिंकले हेही खरे आहे. पडद्यावर रंगवलेले दोघांचे वैर मात्र बेताने घ्यावे, कारण प्रत्यक्षात ते मित्र होते आणि उमेदवारीच्या काळात लंडनमध्ये एकाच घरात राहिलेले होते.

जून २०२५ मध्ये आलेला ब्रॅड पिटचा ‘एफ वन’ चित्रपट पाहून या खेळाकडे वळलेले अनेक जण मला भेटले. त्याचे बरेचसे चित्रण खऱ्या शर्यतींच्या आठवड्यांत, खऱ्या मार्गांवर झालेले असल्यामुळे गाडीच्या नाकासमोरचा रस्ता त्यात फार उत्तम दिसतो, आणि त्यासाठी मोठ्या पडद्याचे तिकीट काढणे योग्यच होते. कथा मात्र चवीला गोड आणि तब्येतीला हलकी आहे. त्यातला नायक स्वतःच्या संघाच्या फायद्यासाठी मुद्दाम धक्काबुक्की करून सेफ्टी कार, म्हणजे अपघातानंतर सर्वांपुढे राहून त्यांना हळू चालवणारी गाडी, बाहेर काढतो, तेव्हा माझ्या शेजारचा गृहस्थ ‘असे कुठे असते का’ म्हणून हसला. असे होते. २००८ साली सिंगापूरला रेनो संघाने आपल्या एका चालकाला गाडी भिंतीवर आपटायला सांगितले, त्याचा फायदा घेऊन त्याच संघाचा फर्नांडो अलोन्सो जिंकला, आणि पुढच्या वर्षी ते प्रकरण उघडकीस आल्यावर संघाच्या वरिष्ठांवर कारवाई झाली.

राहता राहिली २०१९ पासून चालू असलेली ‘ड्राइव्ह टू सर्व्हाइव्ह’ ही मालिका, जिने जगभर नवे प्रेक्षक आणले. तिचा एक मोसम पाहावा, त्यातून संघप्रमुखांचे चेहरे आणि मधल्या फळीतल्या संघांचे हाल कळतात. दोन-तीन मोसम सलग पाहू नयेत. तिची मांडणी महाएपिसोडसारखी आहे, चालकांचे रेडिओवरचे बोलणे कधी कधी भलत्याच प्रसंगाला जोडलेले असते, आणि नसलेले वैर रंगवले जाते म्हणून मॅक्स व्हर्स्टॅपन या चालकाने काही काळ तिला मुलाखत देणेच थांबवले होते. या मालिकेची सवय झालेला प्रेक्षक खऱ्या शर्यतीला बसतो तेव्हा दर चार मिनिटांनी स्फोट व्हावा अशी त्याची अपेक्षा असते, आणि पहिल्याच रविवारी त्याचा हिरमोड होतो.

तिसरी पायरी: वेळापत्रक आणि रिमोट

भारतात २०२४ पासून फॉर्म्युला वनचे थेट प्रक्षेपण फॅनकोड या ॲपवर होत आले आहे. मोसमाच्या सुरुवातीला हक्क कोणाकडे आहेत हे एकदा पाहून घ्यावे आणि आवड पक्की होईपर्यंत संपूर्ण मोसमाचा पास घेण्याची घाई करू नये.

वेळेच्या बाबतीत पुणेकर नशीबवान आहे. युरोपातल्या बहुतेक शर्यती तिथे दुपारी तीनला सुरू होतात, म्हणजे आपल्याकडे रविवारी संध्याकाळी साडेसहाला. दुपारची झोप झालेली असते, चहा झालेला असतो, आणि लक्ष्मी रस्त्यावर जाण्याचे टाळायला निमित्त हवेच असते. ब्रिटनची शर्यत साडेसातला, सिंगापूरची साडेपाचला, जपानची सकाळी साडेदहाला आणि ऑस्ट्रेलियाची साडेनऊला, असे साधारण गणित अलीकडच्या मोसमांत राहिले आहे. ब्राझीलची शर्यत रात्री साडेदहाला लागते. ऑस्टिनची साडेबाराला आणि मेक्सिकोची दीडला सुरू होते, म्हणजे ज्याला सोमवारी सकाळी हिंजवडीची कंपनीची बस पकडायची आहे त्याने त्या दोन शर्यती पुनःप्रक्षेपणातच पाहाव्यात. त्यासाठी एकच पथ्य आहे, ते म्हणजे उठल्यावर फोन न पाहणे. मित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणी ना कोणी पहाटे तीनला निकाल टाकून झोपलेला असतोच.

घरात एकच टीव्ही असेल तर साडेसहाची शर्यत आणि सातचा महाएपिसोड यांची टक्कर ठरलेली आहे. आमच्याकडे त्यावर असा तोडगा निघाला की शर्यत मोठ्या पडद्यावर, मालिका आत्याच्या फोनवर, आणि पुढच्या रविवारी त्याच्या उलट. हा करार तीन आठवडे टिकला. चौथ्या आठवड्यात आत्याच शर्यतीला येऊन बसली आणि आपली मालिका रात्री जेवणानंतर पाहू लागली.

चौथी पायरी: शनिवारची पात्रता फेरी आधी शिका

नवख्याने रविवारच्या शर्यतीआधी शनिवारची पात्रता फेरी पाहावी, असा माझा आग्रह आहे, कारण ती तासाभरात संपते आणि तिचा नियम एका वाक्यात सांगता येतो: ज्याची एक फेरी सर्वांत कमी वेळात पूर्ण होईल तो रविवारी सर्वांत पुढे उभा राहील. पहिल्या दोन टप्प्यांत सर्वांत मंद गाड्या बाद होत जातात आणि शेवटच्या टप्प्यात दहा जण उरतात.

पुणे जिल्ह्यात खेड, जुन्नर, आंबेगावकडे ज्यांनी बैलगाडा शर्यत पाहिली आहे त्यांना हे समजावून सांगावे लागत नाही. घाटात एका वेळी एकच गाडा सुटतो, समोर प्रतिस्पर्धी नसतो, बारी किती सेकंदांत झाली ते घड्याळ सांगते, आणि कमीत कमी वेळ नोंदवणारा घाटाचा राजा ठरतो. पात्रता फेरीतला चालकही असाच घड्याळाशी एकटा धावतो. पडद्यावर मार्गाचे तीन भाग केलेले असतात आणि प्रत्येक भागाला रंग दिलेला असतो. जांभळा रंग म्हणजे तो भाग आतापर्यंत त्या सत्रात कोणीही इतक्या वेगाने पार केलेला नाही, हिरवा म्हणजे चालकाने स्वतःची वेळ सुधारली, आणि पिवळा म्हणजे स्वतःचीही सुधारली नाही. पहिले दोन भाग जांभळे होऊन तिसऱ्या भागात चाक किंचित घसरते आणि रंग पिवळा होतो, तो क्षण पाहिला की ‘गोल गोल फिरतात’ म्हणणारा माणूस खुर्चीच्या कडेला येऊन बसतो. हे मी अनेकदा घडताना पाहिले आहे.

पाचवी पायरी: डावीकडचा पट्टा वाचायला शिका

या लेखातले दुसरे सर्व काही विसरले तरी चालेल, पण ही पायरी वगळू नये. शर्यत सुरू असताना पडद्याच्या डाव्या कडेला चालकांच्या नावांची उभी यादी असते. प्रत्येक नाव तीन अक्षरांत लिहिलेले असते आणि त्याच्यापुढे सेकंदांचा आकडा असतो. नवखा प्रेक्षक गाड्यांकडे पाहतो, मुरलेला प्रेक्षक अर्धा वेळ या पट्ट्याकडे पाहतो, कारण कथानक तिथे लिहिले जात असते आणि कॅमेरा पुष्कळदा तिथे उशिरा पोहोचतो.

आकड्यांचे दोन प्रकार आहेत आणि ते आलटून पालटून दाखवले जातात. एक आहे पहिल्या क्रमांकाच्या गाडीपासूनचे अंतर, दुसरे आहे आपल्या लगेच पुढच्या गाडीपासूनचे. दुसरा आकडा एक सेकंदाच्या खाली आला की हल्ल्याची शक्यता निर्माण झाली असे समजावे. नावाजवळ टायरचेही चिन्ह येते. लाल म्हणजे मऊ, पिवळा म्हणजे मध्यम, पांढरा म्हणजे कडक, आणि पावसासाठी हिरवा व निळा. मऊ टायर वेगवान असतो पण लवकर झिजतो, कडक टायर मंद असतो पण टिकतो. कोरड्या शर्यतीत प्रत्येकाने किमान दोन वेगवेगळ्या प्रकारचे कोरडे टायर वापरलेच पाहिजेत असा नियम आहे, त्यामुळे एकदा तरी पिटमध्ये, म्हणजे मार्गाशेजारी संघ टायर बदलतात त्या जागेत, यावेच लागते, आणि या एका नियमातून शर्यतीची बहुतेक बुद्धिबळे जन्माला येतात.

एक उदाहरण सोडवून पाहू. क पुढे आहे आणि ख त्याच्या मागे १.२ सेकंदांवर आहे, पण मार्ग अरुंद असल्यामुळे ख ला त्याला ओलांडता येत नाही. चाके बदलण्याचे काम स्वतः दोन-अडीच सेकंदांत होते, मॅकलॅरेन संघाने २०२३ मध्ये कतार येथे ते १.८० सेकंदांत करून दाखवले होते. तरी पिटच्या गल्लीत वेग मर्यादित असल्यामुळे आत येऊन बाहेर पडण्यात एकूण वीस-बावीस सेकंद जातात. ते नुकसान दोघांनाही कधी ना कधी सोसायचेच आहे. समजा अठराव्या फेरीला ख आधी आत गेला. आता त्याच्याकडे ताजे टायर आहेत आणि क जुन्या, झिजलेल्या टायरवर आणखी एक फेरी मारतो आहे. त्या एका फेरीत ताज्या टायरवरच्या ख ने दोन सेकंद भरून काढले, तर एकोणिसाव्या फेरीला क पिटमधून बाहेर पडेल तेव्हा ख त्याच्यापुढे ०.८ सेकंदांनी निघून गेलेला असेल. मार्गावर कोणी कोणाला ओलांडलेले दिसलेच नाही, तरी क्रम बदलला. याला अंडरकट म्हणतात. यावर क च्या संघाचा उपाय एकच, त्याच फेरीला किंवा आधीच आत बोलावणे, म्हणून रेडिओवर ‘बॉक्स, बॉक्स’ (म्हणजे आत ये) असे शब्द ऐकू आले की लगेच शेजारच्या संघाच्या पिटकडे नजर टाकावी. तिथे माणसे टायर घेऊन धावत बाहेर येताना दिसतात, आणि कधी कधी ती नुसतीच हुलकावणी असते.

हे अंगवळणी पडावे म्हणून मी सुरुवातीला शंभर पानी वही घेऊन बसत असे. फक्त तीन रकाने आखायचे: फेरी, कोण आत गेला, कोणता टायर घातला. सगळ्या बावीस गाड्या लिहायच्या नाहीत, पहिल्या सहा पुरेत. तीन शर्यतींनंतर वही लागत नाही. आत्याने वही कधीच धरली नाही, पण पिवळ्या टायरवर पंचवीस फेऱ्या झालेला चालक वळणावर रुंद जाऊ लागला की ती न चुकता ‘याला आता आत बोलावतील’ म्हणते, आणि तिचा अंदाज माझ्यापेक्षा अधिक वेळा बरोबर येतो, हे मी इथे नाइलाजाने मान्य करतो.

गुणांचे कोष्टक पाठ करण्याची गरज नाही, इतके पुरे की पहिल्याला २५, दुसऱ्याला १८, तिसऱ्याला १५ आणि दहाव्याला १ गुण मिळतो. त्यामुळे दहाव्या आणि अकराव्या क्रमांकाच्या झुंजीला छोट्या संघांच्या दृष्टीने मोठे मोल असते. २०२५ चे अजिंक्यपद लँडो नॉरिसने व्हर्स्टॅपनहून अवघे दोन गुण अधिक मिळवून घेतले, तेव्हा वर्षभरात कोणत्या शर्यतीत कोणी एक-दोन जागा गमावल्या याची उजळणी प्रत्येक जण करत बसला होता.

सहावी पायरी: सेफ्टी कार दिसली की जागेवरून उठू नका

१२ डिसेंबर २०२१ ची संध्याकाळ आम्ही सहा जणांनी बाणेरच्या एका कॅफेत घालवली. अबू धाबीची शेवटची शर्यत होती, लुइस हॅमिल्टन आणि मॅक्स व्हर्स्टॅपन यांचे गुण अगदी समसमान होते, आणि हॅमिल्टन आरामात पुढे होता. ५८ फेऱ्यांपैकी त्रेपन्नाव्या फेरीला निकोलस लतिफीची गाडी भिंतीवर आदळली, सेफ्टी कार बाहेर आली, आणि सर्व गाड्या तिच्यामागे वरातीसारख्या हळूहळू चालू लागल्या. तेवढ्यात वेटर आला, त्याने पडद्यावरची ती संथ रांग पाहिली, ‘संपली ना, सर?’ असे विचारले, आणि उत्तराची वाट न पाहता कोपऱ्यातल्या टेबलावरच्या वाढदिवसाचा व्हिडिओ लावला. केक कापला जात असताना आम्ही रिमोट शोधत होतो. तो सापडला तेव्हा व्हर्स्टॅपन जागतिक विजेता झालेला होता.

त्या वेटरचा मला राग येत नाही, कारण सेफ्टी कार म्हणजे मध्यंतर हा समज नवख्यांमध्ये सर्वत्र आहे. प्रत्यक्षात तिच्यामागे सगळे जण मंद चालत असल्याने पिटमध्ये जाण्याचे नुकसान जवळपास निम्मे होते, आणि पुढच्या गाड्यांनी तासाभरात कमावलेली आघाडी पुसली जाते. त्या संध्याकाळी व्हर्स्टॅपनने आत येऊन ताजे लाल टायर घातले, हॅमिल्टन आपली जागा जाऊ नये म्हणून जुन्या पांढऱ्या टायरवर बाहेर राहिला, दोघांच्या मध्ये आलेल्या, एक फेरी मागे पडलेल्या पाच गाड्यांना पुढे सोडण्यात आले, आणि शर्यत फक्त एका फेरीसाठी पुन्हा सुरू झाली. तो निर्णय नियमाला धरून होता की नव्हता यावर आजही वाद होतात. पुढच्या मोसमाआधी शर्यत-संचालक बदलला गेला.

म्हणून चहाला उठायचे असेल तर सेफ्टी कार नसताना, साधारण विसाव्या मिनिटाला उठावे. पिवळा झेंडा म्हणजे धोका, वेग कमी करा, लाल म्हणजे शर्यत थांबली, आणि निळा म्हणजे मागून एक फेरी पुढे असलेली गाडी येते आहे, तिला वाट द्या. इतके झेंडे पहिल्या वर्षाला पुरतात.

सातवी पायरी: कोणाची बाजू घ्यावी

बाजू घेतल्याशिवाय शर्यत रंगत नाही, पण विजेत्याची बाजू घेणे मला जरा आळशीपणाचे वाटते. आठव्या-नवव्या क्रमांकावर धडपडणारा एक चालक निवडावा आणि वर्षभर त्याच्या डाव्या पट्ट्यावरच्या नावाकडे लक्ष ठेवावे. त्यामुळे कॅमेरा दाखवत नाही ती शर्यतही आपल्याला दिसू लागते.

भारतीय नाव शोधणाऱ्यांसाठी इतिहास छोटा आहे. नारायण कार्तिकेयन २००५ मध्ये जॉर्डन संघातून उतरला आणि त्या वर्षीच्या अमेरिकेतील शर्यतीत, जिथे टायरच्या वादामुळे फक्त सहा गाड्या धावल्या, चौथा येऊन त्याने पाच गुण मिळवले. करुण चंडोक २०१० मध्ये आला. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवर २०११ ते २०१३ अशा तीन शर्यती झाल्या, तिन्ही सेबास्टियन व्हेटलने जिंकल्या, आणि मग उत्तर प्रदेश सरकारने तिला खेळ न मानता मनोरंजन मानून कर लावल्याच्या वादात ती बंद पडली. चित्रपट आणि शर्यत यांच्यामधली रेघ कुठे आहे, हा प्रश्न इतक्या खर्चिक पद्धतीने फार थोड्या ठिकाणी विचारला गेला असेल. विद्युत गाड्यांच्या फॉर्म्युला ई मालिकेत मात्र महिंद्राचा संघ २०१४ च्या पहिल्या मोसमापासून आहे, आणि ज्यांना घरचा संघ हवा आहे त्यांनी तिकडे पाहावे.

आठवी पायरी: एकदा तरी प्रत्यक्ष पाहा

पडद्यावर दोन गोष्टी येत नाहीत, आवाज आणि वास. पुण्यात फॉर्म्युला वनची गाडी धावताना दिसणार नाही, पण जानेवारी २०२४ मध्ये बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडा संकुलात इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी झाली, तेव्हा मातीच्या उंचवट्यांवरून दुचाक्या उडताना पाहायला आलेल्या अनेकांनी त्याआधी एकही शर्यत पाहिलेली नव्हती. अशी संधी आली तर कानात घालायला कापसाचे बोळे, नाकावर बांधायला रुमाल आणि लवकर निघण्याची तयारी एवढे जवळ ठेवावे, कारण धूळ आणि गाडी लावायला जागा या दोन्ही बाबतीत आयोजकांवर विसंबून चालत नाही. लहान मुलांना पहिल्या रांगेत बसवू नये.

घरात अभियांत्रिकीचे विद्यार्थी असतील तर आणखी एक मार्ग आहे. पुण्यातल्या महाविद्यालयांचे संघ स्वतः एकआसनी शर्यतीच्या गाड्या बांधून कोइंबतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर होणाऱ्या फॉर्म्युला भारत स्पर्धेला नेतात. डिसेंबरमध्ये त्यांच्या कार्यशाळेत रात्री अकराला गेलात तर रेंच हातात घेऊन पेंगणारी मुले भेटतील. त्यांना विचारले तर ती ब्रेकचा पेडल आपल्या पायाखाली देऊन दाबायला सांगतात, आणि साध्या मोटारीच्या मानाने तो किती कडक आहे हे तळपायाला कळते. पुढच्या रविवारी ताशी ३०० किलोमीटर वेगाने येणारी गाडी वळणाआधी शंभर मीटरवर ब्रेक लावताना पडद्यावर दिसेल, तेव्हा आपलाही उजवा पाय सोफ्यासमोरच्या फरशीवर दाबला जातो. आत्याचा डावा दाबला जातो. तिला मी अजून दुरुस्त केलेले नाही.